हौसाचा कॅन

सकाळीच इस्पितळात नेलेली बायको, हौसा, गेल्याचं कळलं, त्या दिवशी तुकाराम घारेनं आधी घरातलं यंत्र बंद केलं. नद्या आटल्यापासून घरोघरी अशी यंत्रं होती. माणसांचा घाम आणि श्वास ओढून ती त्याचं डिस्टिल्ड पाणी करत. अस्थीही आता त्या माणसाचा घाम-श्वास ज्यात उतरला त्या शेवटच्या कॅनमध्येच विसर्जित करायच्या, अशी रीत पडली होती. तुकारामनं हौसाचा कॅन आम्लतेची पट्टी लावून तपासला. सात आलं, ना आम्ल ना अल्क. मग सील लावून त्यानं तो देवघराखाली ठेवला.

दहाव्याला, अस्थी सोडायच्या दिवशी, कॅन जागेवर नव्हता.

"दाजी, इन्व्हर्टरची बॅटरी कोरडी पडली होती," तिचा भाऊ रमाकांत म्हणाला. "उघडं पाणी हवेनं आंबट होतं, म्हणून सीलबंद घेतलं. उरलेल्याचा चहा केला."

तुकारामच्या हातातला कप अर्धा झाला होता. मोरीत जाऊन तो भडाभडा ओकला.

"एवढं काय त्यात? रोज घामच पितो की आपण! पाहुण्यांसाठी यंत्र चालू केलंय, तो कॅन घ्या. सातच येईल."

तुकारामनं तो हुंगला. वास कसलाच नव्हता, तरी त्याला शिसारी आली. वीस जणांच्या काखा होत्या त्यात, रमाकांतच्याही.

"ह्यात घालू तिला?"

सगळे चहा पीत होते.

हौसाच्या अस्थींचं विसर्जन अजून झालेलं नाही.