श्वास नियमित

“ब्रिटा, त्या मोज्याच्या भरवशावर बाळाला सोडू नकोस गं,” दारातला बर्फ उपसता उपसता शेजारचे आर्विड म्हणाले होते. त्यांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले. बाळाचा श्वास मोजून फोनवर दाखवणारा, आमच्याकडे होता तसाच मोजा त्यांनी नातीसाठी आणला आणि आधी उघडून पाहिला. “पायाशी संपर्क तुटला, तरी हा मघाचाच आकडा दाखवत बसतो.”

“दुसऱ्यानं कष्टानं बनवलेली वस्तू अशी उसवून बघणं म्हणजे चोरीच की हो!” मी हसले.

“चोरी? पैसे मोजून घेतलाय मी!”

त्यांनी सगळं इंटरनेटवर लिहिलं, तर कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. बिचाऱ्यांना ते पुसून टाकावं लागलं. मला वाटलं, बरं झालं, जिरली.

काल दुपारी सोरेन माझ्या मांडीवर दूध पीत होता आणि फोन सांगत होता, ‘बाळ शांत झोपलंय. श्वास नियमित.’ मोजा तळघरात, धुतलेल्या कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये गरगरत होता.

मी तणतणत कंपनीला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: ‘बाळाच्या पायाखेरीज इतरत्र मोजा चालवून पाहणं म्हणजे त्याची रचना उलगडण्याचा प्रयत्न होय. करारानुसार त्यास मनाई आहे.’



त्या करारावर न वाचता ‘मान्य’ मीच दाबलं होतं, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. तुम्ही फक्त हा फोन खाली ठेवा आणि बाळाच्या छातीवर हात ठेवून या.