डावा माईक, उजवा माईक

"दोन कशाला? एकानं भागत नाही?" हरिश्चंद्रबुवांनी विचारलं.

"एकात सगळ्यांची खिचडी होते, बुवा," सुमेध म्हणाला. "दोन असले की कोण कुठे बसलाय ते कळतं. डावीकडचा डाव्या कानात, उजवीकडचा उजव्या."

कंडेन्सर माईक स्वस्तातलेच होते, पण जोडी एकसारखी. सुमेधनं ती एकाच स्टँडवर तिरपी बसवून पेटीसमोर उभी केली. पेटीवर बुवा, दोन्ही बाजूंना कोरस.

बुवांना एवढंच हवं होतं. पुढच्या रविवारी विरारला दुसऱ्या भजनी मंडळाशी डबलबारीचा सामना, आणि गेले चार महिने मंडळात कुणीतरी सूर सोडत होतं. बत्तीस वर्षांत भजनात कमावलेलं नाव एका गळ्यापायी मातीत जाणार होतं. संशय कृष्णावर. तो उजवीकडे, अगदी लगत बसायचा. बुवांनी आलाप घेतला की याचं नेमकं वेगळंच लागायचं. शिवाय बुवा गोखिवऱ्यातल्या सोसायटीच्या या हॉलमध्ये शिरले, की कृष्णाची कुजबुज बंद!

"रेकॉर्डिंग राहू द्या, बुवा," कृष्णा म्हणाला. "आपल्याला काय कॅसेट काढायचीय?"

"का रे? घाबरलास?"

कृष्णा झांजेची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. डावीकडून प्रीतम म्हणाला, "खरंच नको, बुवा. उगाच कुणाचं तरी मन मोडायचं."

म्हणजे यालाही ठाऊक होतं तर! बुवांचं डोकं सणकलं. पोटच्या पोरांसारखं सांभाळलं, आणि हे एकमेकांना पाठीशी घालतायत.

"आज सोक्षमोक्ष लावतो," ते म्हणाले. "ज्याचा सूर घसरेल, तो विरारला येणार नाही. मग तो कुणीही असो."

सुमेधनं रेकॉर्डिंग सुरू केलं.

गजर झाला. पखवाज थांबला. बुवांनी हेडफोन चढवला आणि आधी उजव्या कानावर लक्ष दिलं. कृष्णा स्वच्छ, सुरात. पट्ठ्या आज सांभाळून गायलाय, ते मनात म्हणाले. मग डावीकडे. प्रीतमही जागेवर.

इतक्यात सूर घसरला.

"मागे घे," बुवा म्हणाले. सुमेधनं मागे घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेताना त्यानं बुवांकडे पाहायचं टाळलं.

तो आवाज डावीकडे नव्हता, उजवीकडेही नव्हता. दोन्ही कानांत सारखाच येत होता, बरोब्बर मधून, पेटीमागून.