मुकं रान

तपासनीस शर्वरीने सळई मातीत रोवली आणि मातीतल्या जिवांचा आवाज ऐकवणारा भोंगा चालू केला. खरखरीशिवाय काहीच ऐकू येईना.

"काकू, ही शेवटची तपासणी. आज आवाज आला नाही तर रान मुकं, म्हणजे मेलेलं ठरेल. मग इथे सौर पॅनेल बसतील."

कौसल्याकाकूंचा चेहरा उतरला. वीस वर्षांची फवारणी बंद करून गेली चार वर्षं त्यांनी या रानाला शेण, पालापाचोळा आणि जीवामृत घातलं होतं.

"औषधाशिवाय कधी शेती होते होय?" तुळशीराम भाऊजी बूट आपटत जमलेल्या शेजाऱ्यांना म्हणाले. सगळे हसले.

काकूंनी त्या बुटांकडे पाहिलं आणि एकदम म्हणाल्या, "भाऊजी, कीर्तनात बुवांसमोर असं उभं राहून बडबडता का? पायतणं काढा. बसा खाली."

"आता मातीचं कीर्तन का, वहिनी?"

"बसा तर!"

कुरकुरत सगळे बसले. पावलांची धडधड थांबली, बोलणंही थांबलं. जरा वेळाने भोंग्यातून टिक् असा आवाज आला. मग आणखी एक. गांडुळं सरकू लागली, मुळं पाणी ओढू लागली आणि लांबच्या देवळात टाळ सुरू व्हावेत तसा नाद रानभर भरला.

काकूंनी मातीला हात जोडले. "वीस वर्षं विष पाजलं गं तुला. तरी गायलीस!"

शर्वरी 'रान जिवंत' असा निकाल लिहायला उठू लागली, तशी भाऊजींनीच तिची ओढणी धरली.

"बस पोरी. कीर्तनातून मध्येच उठू नये."