लालच हवी!

रक्तपेढीच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या कोडला हात लावायला कुणी धजत नव्हतं. मुलं मोठी झाल्यावर नोकरीत परतलेल्या मृण्मयीकडे ते काम आलं.

"आधी कोड तपासणारी चाचणी लिहा, कोड नंतर," शेजारी बसलेले सहकारी केळुसकर म्हणाले. "चुकीच्या गटाचं रक्त मागितलं, तर सॉफ्टवेअरकडून नकार मिळायला हवा."

तिनं चाचणी लिहून चालवली. स्क्रीन लाल झाली, म्हणजे चाचणी नापास. "बघा, मला नाहीच जमत."

"अहो, नकार देणारा कोड लिहिलाय कुठे अजून? आत्ता लालच हवी!"

तिनं कोड लिहिला. स्क्रीन हिरवी झाली. मग जुन्या कोडचा गुंता सोडवताना एक ओळ चुकली, तशी पुन्हा लाल. या वेळी मृण्मयी हसली. "पेशंटपर्यंत जायच्या आत सापडली चूक!"

ओळ सुधारून तिनं आणखी थोडं टाइप केलं आणि कीबोर्ड केळुसकरांपुढे सरकवला. "पुढची चाचणी मी लिहिलीय. कोड तुम्ही लिहा."