वाफेची इस्त्री

टीव्हीवर बघून फोनवरून मागवलेल्या वाफेच्या इस्त्रीला बावीस दिवस झाले होते. 'चार दिवसांत घरपोच' म्हणे! मी रोज चुरगळलेला शर्ट घालून ऑफिसला जात होतो आणि रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या फोनवरची तीच ती धून ऐकत होतो. आज एकदाची एक बाई बोलली. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं.

"सर, पार्सल अठरा दिवसांपूर्वीच पोचलंय. तुमच्या आईंनी सही करून घेतलंय."

"आई माझ्याजवळ राहतच नाही!"

"ऑर्डर देताना 'मागचाच पत्ता ना?' असं विचारलं होतं सर. तुम्ही 'हो हो, तोच' म्हणालात."

मी तणतणतच आईला फोन लावला. "अगं, पार्सल आलं तर कळवायचं नाही का? इथे मी बावीस दिवस वाट बघतोय!"

"मी खोकं उघडलंसुद्धा नाही रे," आई म्हणाली. "तुझं नाव आणि इथला पत्ता बघितला. म्हटलं, सामान पुढे पाठवलंय, मागोमाग तू येशील. रोज सकाळी तुझी गादी उन्हात टाकते, संध्याकाळी आत घेते."