होडीपुरती फट

कालवाच्या शिंपल्याची कड रात्रीत नखभर पुढे सरकली होती. प्रयोगशाळेत घडवलेल्या या कालवांनी किनाऱ्यावर आपणहून बांध उभारला होता. फक्त भिकाजीच्या दारासमोर होडीपुरती फट होती, कारण त्याची बायको द्वारका रोज ओहोटीला कोयतीने तिथली कोवळी कालवं खरवडून काढायची. त्याच फटीतून समुद्र आता अंगणात यायचा. गुडघे गेल्यापासून भिकाजीची होडी मात्र झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावरच पडून होती.

"आज परत कालवांची आमटी?" पायरीवरून त्याने विचारलं.

"मगे? तुमच्या होडयेक वाट नको?"

लाट तुळशीला शिवून परतली. भिकाजीने द्वारकेचे शिंपल्यांनी कापलेले तळहात हातात घेतले.

"द्वारके, उद्यापासून कोयती घरात ठेव गो. मिटांदे ती फट."