अकरा उंबरे

अकराही उंबरे पुन्हा ओले झाले. मॅडमनी पाण्याचा नळ बंद केला, गुडघ्यांवर बसून भिंगातून गल्ली निरखली आणि वहीत सातव्यांदा तेच लिहिलं.

संस्थेच्या गोदामात अख्खी दरी मांडली होती, खऱ्याच्या शंभराव्या हिश्शाची, सिमेंटची. वरच्या टोकाला हिमनदी, तिच्या पायथ्याशी वितळलेल्या बर्फाचं तळं, खाली नदी आणि नदीकाठी काडेपेटीएवढी लाकडी घरं. खऱ्या तळ्याचा बांध नुसत्या दगडमातीचा. तो कधी दगा देईल याचा नेम नव्हता. म्हणून इथे टाकीतून पाणी सोडून पाहायचं. जे घर भिजेल ते यादीत, तिथल्या माणसांनी वरच्या नव्या वसाहतीत जायचं. जे कोरडं राहील, तिथल्यांनी आहे तिथेच सुखाने नांदावं.

बाकी दरी गुणी मुलीसारखी वागत होती. कॉम्प्युटर सांगेल तिथपर्यंतच पाणी जायचं. हट्टीपणा करत होती ती एकटी खालची गल्ली. कॉम्प्युटरच्या मते ती कोरडी, गोदामात दर वेळी ओली.

दुसऱ्या कुणी दोन्हींच्या मधला आकडा लिहून हात झटकले असते. मॅडमना मात्र न जुळणारा आकडा दिसला की घास गोड लागत नसे. आणि इथे तर अकरा कुटुंबं उठवायची की ठेवायची, हा प्रश्न होता.

ही दरी घडवली होती मिस्त्रींनी. मूळचे सुतार, हाताला विलक्षण सफाई. त्यांच्या कामावर मॅडमनी कधी मोजपट्टी लावली नव्हती. ते राहायचेही त्याच खालच्या गल्लीत, म्हाताऱ्या आईबरोबर. "मी इथून हलायची नाही. निघेन ती चौघांच्या खांद्यावरून," असं त्या आईने मॅडमना तोंडावर ऐकवलं होतं, आणि वर चहाही पाजला होता.

मिस्त्रींचं तसं नव्हतं. त्या दिवशी ते उशिरा आले, बाह्यांना भुसा चिकटलेला.

"आज कुठे अडकलात?"

"गल्लीतच. तिसऱ्या घराचं दार लागेना, रंधा मारून दिला. काल शेजारच्यांचं. दारं माझ्याच हातची, त्यामुळे शिव्याही मलाच." ते हसले. मग जरा घुटमळून म्हणाले, "मॅडम, वर वसाहतीत खोल्या दोनच का? पायऱ्या फार नाहीत ना?"

"तुमच्या आई तर नको म्हणतात."

"यादीत नाव आलं तर येईल मुकाट्याने."

मॅडमच्या मनात हे वाक्य कुसळासारखं रुतून बसलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री रजेवर होते. मॅडमनी दरी नकाशाशी इंच इंच ताडून पाहिली. सगळीकडे केसाचाही फरक नव्हता. खालची गल्ली तेवढी दोन मिलिमीटर खाली होती, म्हणजे खऱ्या जागी जवळजवळ वीतभर. इतकी मोजून मापून, नेमकी अकरा घरांपुरती चूक कुणाच्या हातून होत नाही. कोडं सुटल्याचा आनंद झाला आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. मिस्त्री त्यांना मनापासून आवडायचे.

त्यांनी गल्लीखाली पातळ पत्रा सरकवला, घरं नकाशाइतकी वर घेतली आणि पाणी सोडलं. एकदा, दोनदा, तीनदा. गल्ली ठणठणीत कोरडी. झाल्या प्रकाराबद्दल कुणाकडे ब्र न काढता त्यांनी अहवालावर सही ठोकली.

शनिवारी सगळी गल्ली गोदामात आली. पाणी धावत आलं, कुंपणांपर्यंत चढलं आणि माघारी गेलं. मिस्त्रींच्या आईने वाकून आपल्या चिमुकल्या घराच्या उंबऱ्यावर बोट टेकवलं आणि ते कोरडं बोट सगळ्यांना दाखवलं. "पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो," ती म्हणाली आणि मॅडमच्या गालांवरून हात फिरवला. हसत-खिदळत माणसं बसमध्ये चढली आणि घरी गेली.

मिस्त्री तेवढे मागे राहिले होते. गल्लीच्या कडेवरून बोट फिरवत उकिडवे बसले होते.

"मिस्त्री, मी कुणाला बोललेले नाही, बोलणारही नाही," मॅडम म्हणाल्या. "पण नव्या घरासाठी अख्खी गल्ली बुडवायला निघालात? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"तुम्ही उचललीत ही?"

"नकाशाबरहुकूम केली."

"नकाशा केव्हाचा?"

"तीस वर्षांपूर्वीचा. का?"

"बाकी दरी मी नकाशावरूनच केली. गल्लीत राहतोच, म्हटलं ती स्वतः मोजू. पुलाजवळच्या खडकावर मोजणीवाल्यांची खूण आहे, तिथून नळीत पाणी भरून दारोदार पातळी घेतली. गेल्या महिन्यात घरं बसवली, त्याच आठवड्यात. खरंच वीतभर खाली आहे ती."

मॅडम ओशाळल्या. ज्या माणसाला आपण लबाड ठरवलं, त्याने आपल्यापेक्षा चोख काम केलं होतं.

"माझं चुकलं, मिस्त्री. माफ करा." पण डोकं लगेच हिशोबाला लागलं. "तीस वर्षांत वीतभर म्हणजे वर्षाला बोटाच्या नखाएवढंसुद्धा नाही. उतारावरची जमीन एवढी सरकतेच. गल्ली पुन्हा खाली घेऊ, यादी बदलू. पुढच्या महिन्यात मी स्वतः येऊन सगळ्यांना समजावते. घाई नाही."

मिस्त्री अजून त्या पत्र्याकडेच बघत होते.

"मी दोनदा मोजली होती, मॅडम. पहिल्यांदा ती बरोबर एवढीच वर भरली, आत्ता तुम्ही केलीत तेवढी. मला वाटलं, माझाच हात चुकला, म्हणून तो आकडा टाकून दिला."

"आणि ती पहिली मोजणी कधीची?"

"मागच्या उन्हाळ्यातली."